आक्काची पसंती

"ह्याचा आवाज गोड हाय," चतुराबाई म्हणाली, आणि दुकानाच्या आतल्या खोलीत सगळे एकदम गप्प झाले. गप्प झाले असावेत. तिला ते चेहऱ्यांवरून कळलं. रामनिवास शेटजींचा हात रेडिओच्या बटणावर होता, तो तिथंच राहिला. रखमाजींनी तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि भुवया वर केल्या. आणि उषा, रखमाजींची दुसरी बायको, तिची सवत, डोळे मोठे करून तिच्याकडं बघत राहिली. पेटीच्या काचेमागं पिवळा उजेड लागला होता, आकड्यांची पट्टी उजळली होती. उजेड लागला म्हणजे आवाज सुरू झाला असं चतुराबाईनं धरून टाकलं होतं. कोणी काही बोलायच्या आत, उषानं तोंड उघडायच्या आत, आपण आधी बोललं पाहिजे एवढंच तिच्या मनात होतं, आणि ती बोलून बसली होती.

"बाई, अजून बोललाच न्हाई तो," रामनिवास हसत म्हणाला. तो तिच्याकडं तोंड करून बोलत होता म्हणून तिला त्याचे ओठ वाचता आले. "आतले दिवे गरम व्हाया लागतेत पहिले. मंग बोलतो."

चतुराबाईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. रखमाजी आता काहीतरी म्हणणार, सगळ्यांसमोर म्हणणार. तेवढ्यात तिच्या उजव्या अंगाला बसलेली उषा पुढं सरकली. "न्हाई शेटजी, घूं असा बारीक आवाज आल्ता. मला बी आला. आक्काचे कान लई तिखट हायेत." रामनिवासनं लगेच मान डोलावली. गिऱ्हाइकाचं म्हणणं त्यानं आजवर कधी खोटं पाडलं नव्हतं. "हो, बराबर, बराबर. वीज खेळती ना आत." रखमाजींच्या भुवया खाली आल्या. मग पेटी खरंच बोलू लागली असावी, कारण उषाचा चेहरा फुलला आणि तिनं डोळे मिटले.

चतुराबाई समोर बघत राहिली. आपल्याला वाचवलं गेलं हे तिला कळत होतं. पण जे वाटायला हवं होतं ते वाटत नव्हतं. हिला माहीत आहे. किती दिवसांपासून माहीत आहे कोण जाणे. सकाळी चुलीपुढं ही आपल्या उजव्या बाजूला येऊन बसते, बोलताना पदर तोंडावर घेत नाही, पाहुण्यांत असली की आपल्याकडं वळून बोलते. हे सगळं तिच्या शिकल्यासवरल्या माहेरचं वळण असं चतुराबाई समजून चालली होती. आता एकेक गोष्ट उलटी होऊन दिसायला लागली. म्हणजे इतके दिवस ही आपल्याला सांभाळत होती, आणि सांभाळताना बघत होती.

मुळात इथं यायचं तिचं काही कारण नव्हतं. जर्मनची लढाई संपली, गल्लीत वीज आली, कापसाचा धंदा बरा चालला होता, आणि हैदराबादला जाऊन आल्यापासून रखमाजींनी रेडिओचा धोशा लावला होता. सकाळी बशीत चहा ओतता ओतता ते म्हणाले होते, "आज नवीन जालन्याला जातो. उषाला संगं नेतो. तिला गाण्याचं कळतं." चतुराबाई त्यांच्या डाव्या बाजूला बसली होती, तिचा बरा कान त्यांच्याकडं होता. वाक्य पुरतं ऐकू आलं. कितीतरी दिवसांत इतकं नीट काही ऐकू आलं नव्हतं, आणि आलं ते हे. तिला गाण्याचं कळतं. "मी बी येते," ती म्हणाली. रखमाजींनी तिच्याकडं बघितलं, "तुला काय करायचं तिकडं?" असं काहीसं त्यांच्या ओठांवर आलं आणि त्यांनी ते चहाबरोबर गिळलं. दोघींना टांग्यात घालून ते निघाले. कुंडलिकेच्या पुलावर उषा नदीकडं बघत काहीतरी गुणगुणत होती. तिचा गळा हलत होता. चतुराबाई सगळा पूल संपेपर्यंत त्या हलणाऱ्या गळ्याकडं बघत होती.

गाण्याचं कळतं असं आधी तिच्याबद्दल म्हणायचे. कापसाच्या धंद्यासाठी जालन्याला यायच्या आधी, तीर्थपुरीत सासरी असताना, कुणाच्या घरी हळद असली की तिला न्यायला छकडा यायचा. पाटलाची सून असून ती जायची, सासूबाईसुद्धा अडवायच्या नाहीत, कारण चतुरा आली नाही तर हळद फिकी पडते असं बायका म्हणायच्या. तिला शंभर गाणी येत होती आणि येत नसली तर ती तिथल्या तिथं जुळवायची, व्याह्याचं पागोटं, विहिणीची नथ, जे समोर दिसेल ते. लग्न झाल्यावरच्या पहिल्या दिवाळीत ती गोठ्यापुढं रांगोळी घालत एकटीच गात होती. भिंतीपलीकडं कडब्याच्या पेंढ्या सरकल्याचा आवाज आला. ती थांबली तसा तो आवाजही थांबला. ती पुन्हा गाऊ लागली. नंतर वाकून बघितलं तर रखमाजी पेंढ्यांवर बसले होते, हातात दोरी वळत असल्यासारखं करत. त्यांनी काही म्हटलं नाही, तिनंही नाही. पण त्यानंतर ती जेव्हा जेव्हा गायली तेव्हा त्या भिंतीकडं तोंड करून गायली. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. थोडा ओशाळा, थोडा लहान मुलासारखा, ओठ किंचित उघडे. आज दुकानात तो चेहरा तिला पुन्हा दिसला. रेडिओ वाजत होता आणि रखमाजी रेडिओकडं बघत नव्हते. डोळे मिटून ऐकणाऱ्या उषाकडं बघत होते.

ती बघत होती आणि तिला काही ऐकू येत नव्हतं. डावा कान तर दोन पावसाळ्यांमागच्या तापात गेला होता. ताप उतरला आणि कानात जिनिंग सुरू झालं, रात्रंदिवस सरकी निघत असल्यासारखी घरघर. तिनं लसणीचं तेल घातलं, रुईच्या पानाचा शेक दिला. एक दिवस जिनिंग बंद पडलं आणि तिला वाटलं, सुटले. मग लक्षात आलं की त्या बाजूनं आता काहीच येत नाही. उजव्या कानानं अजून यायचं, पण गोधडीआडून बोलल्यासारखं, आणि गोधडी महिन्यामहिन्याला जाड होत होती. तिनं कुणाला सांगितलं नाही. पोर होत नाही एवढी एकच उणीव घराला दिसली तेव्हा घरात उषा आली. जाफराबादच्या मास्तरांची मुलगी, वहीत अक्षर काढणारी, मामाच्या ग्रामोफोनवरची गाणी तोंडपाठ असणारी. दुसरी उणीव दिसली तर काय येईल, की आपणच जाऊ, मागच्या सोप्यात, बहिरी म्हातारी म्हणून, जिच्याशी बोलायचं झालं तर हातवारे करायचे आणि जिच्यासमोर काहीही बोललं तरी चालतं. म्हणून ती ओठ वाचायला शिकली. समजलं नाही तर "असंल" म्हणायची. हाक ऐकू आली नाही तर नंतर सांगायची, ऐकली, पण हात गुंतला हुता. बायका म्हणू लागल्या, चतुराला गुर्मी आली. बरं झालं. गुर्मी परवडली.

पण ऐकू येणं गेलं त्याच्याबरोबर दुसरंही काही गेलं, आणि ते तिनं कधी धरलं नव्हतं. संध्याकाळी रखमाजी झोपाळ्यावर बसायचे, उषा खाली भाजी निवडत बसायची, दोघांचे ओठ हलायचे. आधी तिला ऐकू यायचं की बाजारात कापसाचा भाव पडला, अमक्याचा बैल मेला. आता नुसते ओठ. आणि त्या ओठांवर तिला सतत एकच दिसायचं, आपलं नाव. उषा हसली की आपल्याला हसली. रखमाजींनी आवाज बारीक केल्यासारखी मान खाली घातली की काहीतरी आपल्यापासून लपवलं. एकदा ती ताडकन उठून जवळ गेली, "काय बोलून राह्यले?" म्हणाली. उषा दचकून म्हणाली, "म्हैस आटली म्हणून सांगून राह्यले, आक्का." चतुराबाई गोठ्यात गेली, म्हशीच्या कासेला हात लावून बघितला. म्हैस खरंच आटली होती. तरी तिचा विश्वास बसला नाही. म्हैस आटली म्हणून ते दुसरं काही बोललेच नसतील कशावरून?

"हा झाला एक," रामनिवास म्हणाला. "आता हा दुसरा बघा, बाई. मोठा कारखाना, मोठी पेटी." पहिली पेटी लहान, तपकिरी, कडेला गोल होती. दुसरी उंच होती, शिसवीसारख्या रंगाची, पुढं जाडसर कापड ताणलेलं. त्यानं बटण फिरवलं. उजेड आला. ह्या वेळी चतुराबाई काही बोलली नाही. तिनं उषाचं तोंड पाहिलं, रखमाजींचं पाहिलं, आणि ते ऐकू लागले आहेत असं दिसल्यावर, करायचं म्हणून काहीतरी करावं तसा तिनं हात पुढं केला आणि तळवा पेटीवर ठेवला.

लाकूड थरथरत होतं. तळव्यातून ती थरथर मनगटात आली, कोपरापर्यंत चढली, मग आत कुठंतरी, बरगड्यांच्या मागं. थांबत होती, सुरू होत होती, जाड होत होती, बारीक होत होती. कोणीतरी गात होतं. बाई की बुवा ते कळत नव्हतं, शब्द कळत नव्हते, पण ठेका कळत होता, दम कुठं घेतला ते कळत होतं. चतुराबाईच्या डोळ्यांत पाणी भरून आलं. तिनं खाली बघितलं. मग हात उचलून पहिल्या पेटीवर ठेवला. रामनिवासनं ती पुन्हा लावली. तिथं जेमतेम गुदगुल्या झाल्यासारखं झालं, मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं. ती परत मोठ्या पेटीकडं गेली.

"ह्यो घ्या," ती म्हणाली.

रखमाजी उषाकडं वळले. "तू काय म्हणती? तुला कंचा बरा वाटला?"

उषाच्या कपाळाला बारीक आठी पडली होती. मोठी पेटी वाजत होती तेव्हाच ती पडली होती, चतुराबाईनं ती पाहिली होती आणि तिचा अर्थ तिनं आपल्या परीनं लावला होता. हिला पहिला आवडला होता, आता हिचं चालणार नाही. उषा बोलायला गेली. मग तिची नजर पेटीवरच्या चतुराबाईच्या हाताकडं गेली आणि तिथंच थोडी रेंगाळली. "आक्काला पसंत हाय, तर त्योच घ्या," ती म्हणाली.

"बघ बरं. मंग मागून कुरकुर नको."

"न्हाई. बिलकुल न्हाई."

येताना पेटी टांग्यात दोघींच्या मधे होती. चतुराबाईनं तिच्यावर हात ठेवला होता. टांग्याच्या हिसक्यांनी पेटी हलत होती, पण ती थरथर वेगळी. आपण जिंकलो, असं ती स्वतःला सांगत होती. घरात जे वाजेल ते आपण निवडलेलं वाजेल. उषानं डोळे मिटले तरी ते आपल्या पसंतीवर मिटावे लागतील. रखमाजी तिच्याकडं बघतील तेव्हाही तो आवाज आपला असेल. जुन्या जालन्याची गल्ली येईपर्यंत ती हेच घोळवत होती. मधूनच उषाच्या कपाळावरची आठी आठवायची आणि बरं वाटायचं.

दुकानातल्या माणसानं संध्याकाळच्या आत गच्चीवर तार बांधली, पेटी बैठकीत चौरंगावर बसवली. रखमाजींनी शेजारच्या काकासाहेबांना बोलावून आणलं. काकासाहेब म्हणजे गल्लीतले वडीलधारे, त्यांनी मान डोलावल्याशिवाय गल्लीत कशालाही बरं म्हणत नसत. आणखी दोघंचौघं आले. बायका आतल्या दारात उभ्या राहिल्या. चतुराबाई मात्र घरातली मोठी म्हणून पेटीपाशी बसली, पाय दुमडून, एक हात लाकडावर. तिला कोणी काही म्हटलं नाही. उजेड आला. थरथर आली. तिनं अभिमानानं वर बघितलं.

काकासाहेब हसत होते. मग हसणं तसंच ठेवून त्यांनी मान वाकडी केली. शेजारच्यानं दुसऱ्याकडं बघितलं. कोणीतरी पुढं होऊन बटण कमीजास्त केलं, तिच्या हाताखालची थरथर बारीक झाली, पुन्हा जाड झाली, पण चेहऱ्यांवर काही सुधारलं नाही. काकासाहेबांनी कानात बोट घालून हलवलं, ओठ हलवून काहीतरी म्हटलं, आणि सगळी बैठक खदखदली. रखमाजीही हसले, पण त्यांच्या मानेवरची शीर उभी राहिली होती. चहा झाला. माणसं गेली. बायकाही पदर तोंडाशी धरून पांगल्या. पेटी अजून सुरूच होती आणि चतुराबाईचा हात अजून तिच्यावरच होता, आणि त्या हाताला काही वावगं लागत नव्हतं. उलट ही थरथर तिला आता ओळखीची वाटू लागली होती.

रखमाजी दारातून परत आले ते सरळ उषासमोर. ते मोठ्यानं बोलत होते. गोधडीतूनही थोडं येत होतं, उरलेलं ओठ सांगत होते. "ही घरघर ऐकू आली न्हाई का तुला तिथं? गाणं हाय का दळण हाय हे? तुला कळतं म्हणून नेल्तं ना? कामून बोलली न्हाई?" उषा खाली बघत होती. "काकासाहेब म्हणले, रखमाजी, पेटीत चक्की बसवली का. चार मानसांत हसं झालं. बहिरी हायेस का तू? बहिरी हायेस?"

तो शब्द चतुराबाईनं स्पष्ट पाहिला. दोन वर्षं ती त्याची वाट बघत होती. प्रत्येक तोंडाकडं बघताना तो आता येईल, आता येईल म्हणून बघत होती. ओठ आधी मिटतात, मग फाकतात. तो आला, आणि दुसरीकडं गेला.

पहिल्यांदा तिला आनंद झाला, खोटं कशाला. झऱ्यासारखा वर आला. गाण्याचं कळतं म्हणून नेलेली ही बाई मान खाली घालून उभी होती आणि तिला बोलणी बसत होती, आणि तिचा नवरा, दोघींचा नवरा, तिच्याकडं त्या ओशाळ्या चेहऱ्यानं बघत नव्हता. चतुराबाईनं तो आनंद क्षणभर जिभेवर धरला. मग तिनं उषाकडं बघितलं. उषाचे ओठ हलले, "चुकलं मपलं." एवढंच. वर बघितलं नाही, पेटीकडं नाही, चतुराबाईकडं तर नाहीच. एक शब्द पुरला असता. आक्कानं निवडला, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. आक्काला ऐकू येत नाही, म्हटलं असतं तर सगळंच संपलं असतं, बैठक, झोपाळा, घर, सगळं तिचं झालं असतं. आणि ही म्हणत नव्हती. घरघर हिला दुकानातच ऐकू आली होती. ती आठी घरघरीची होती. हिनं आपला हात पेटीवर बघितला आणि आवाज गिळला, आणि आता बोलणीही गिळत होती.

चतुराबाईच्या आत मग जे पेटलं ते आधीच्यापेक्षा जास्त होतं. नवरा जिच्याकडं बघतो त्या उषाचा हेवा तिला करता येत होता, गळ्याचा, वयाचा, माहेरच्या अक्षराचा. ह्याचा कसा करायचा? हिच्याकडं देण्यासारखं काही होतं. हिनं आज दोनदा दिलं होतं आणि आपण दोनदा घेतलं होतं, न मागता, हात पसरून बसल्यासारखं. आज गप्प बसलो तर हे खोटं उषा आयुष्यभर डोक्यावर वाहील, आणि आपण आयुष्यभर हिच्या डोक्याकडं बघत जगू. आणि तो शब्द. तो शब्दसुद्धा हिनं घेतला होता. ज्याला आपण इतकं भ्यालो, जो उशाशी घेऊन झोपलो, तो शब्द ही अशी मान खाली घालून घेऊन चालली होती, ऐकू येत असताना.

"तिला नका म्हनू," चतुराबाई म्हणाली. आपला आवाज किती मोठा निघाला हे तिला कळलं नाही. खूप मोठा निघाला असावा, कारण रखमाजी झटकन वळले. "ती बहिरी न्हाई. मी हाये. तापापासून. डाव्यानं काहीच येत न्हाई, उजवा बी जाऊन राह्यला. दुकानात मला घूं बी ऐकू आल्तं न्हाई अन् गाणं बी न्हाई. हाताला बरं लागलं म्हणून मी ह्यो घ्या म्हणले. तो शबुद तिचा न्हाई, मपला हाय."

रखमाजी तिच्याकडं बघत राहिले. बऱ्याच वर्षांत त्यांनी तिच्याकडं इतका वेळ बघितलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता तो तसाच राहिला होता, त्याला खाली उतरायला जागा सापडत नव्हती. ते पुढं आले, वाकले, बटण बंद केलं. तिच्या तळव्याखालचं लाकूड मेलं. मग ते दाराकडं गेले, जोड्यात पाय घातले. उंबऱ्यावर थांबून, अर्धे पाठमोरे, त्यांनी काहीतरी म्हटलं. मिशीखाली ओठ जेमतेम दोनदा हलले. आणि ते बाहेर गेले.

"काय म्हणले?" चतुराबाईनं विचारलं.

उषा येऊन तिच्या उजव्या बाजूला बसली. पेटी मधे होती ती तिनं थोडी सरकवली. मग पुढं झुकून, चतुराबाईच्या कानावरचे केस बोटानं मागं करून, तिनं अगदी कानाशी तोंड नेलं. इतक्या जवळ ती कधी आली नव्हती. तिच्या अंगाला हिंगाचा आणि नव्या लुगड्याच्या खळीचा वास होता.

"म्हणले," उषा म्हणाली, "तापात मपलंच ध्यान नव्हतं तिच्याकडं. म्हणले, हैदराबादला मोठे डाक्तर हायेत, कापूस उतरला की घेऊन जातो तिला. अन् म्हणले, रेडिओ उद्या बदलून आणू, पर तिच्या हाताला लागंल असाच आणू. काळजी करू नको म्हणले."

चतुराबाई ऐकत होती. सगळं ऐकू आलं, एकेक शब्द. उषाचा आवाज तिच्या आठवणीत राहिला होता तसा नव्हता. थोडा बसका होता, मधे किंचित फाटत होता, गाणाऱ्या बाईचा वाटत नव्हता. आणि ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांसमोर रखमाजींची मिशी होती आणि तिच्याखाली दोनदा हललेले ओठ. दोन वर्षं ती ओठांवर जगली होती. एवढं सगळं त्यात मावत नव्हतं. दोन शब्द होते ते. कोणते दोन, ते उषाला माहीत होते आणि आता ते उषाजवळच राहणार होते.

तिनं मान वळवून उषाकडं बघितलं. उषानं नजर चुकवली नाही, पण तिचे कान लाल झाले होते.

चतुराबाईनं मान पुन्हा फिरवली आणि उजवा कान पुढं केला.

"पुन्यांदा सांग," ती म्हणाली. "सावकाश सांग."